साखर उतरते तेव्हा: टाइप वन मधुमेह आणि जोडीदार

रक्तातली साखर दर डेसिलिटरला ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की डॉक्टर त्याला हायपोग्लायसेमिया म्हणतात. टाइप वन मधुमेह असलेल्या घरात हे नाव एवढं लांब राहत नाही. तिथे ‘लो झालंय’, ‘शुगर खाली आलीय’, नाहीतर नुसतं ‘हायपो’. ५४ च्या खालचा आकडा धोक्याचा मानतात. त्यापुढची, सगळ्यात गंभीर पायरी मात्र आकड्याने ठरत नाही. माणसाला स्वतःचं स्वतः सावरता आलं नाही, दुसऱ्या कोणाला तरी मदतीला यावं लागलं, की तो हायपो गंभीर; मग मीटर काहीही दाखवो. म्हणजे या दुखण्याच्या व्याख्येतच एक दुसरा माणूस बसवलेला आहे. संसार मांडलेल्या घरात तो दुसरा माणूस बहुतेक वेळा नवरा किंवा बायको असते.

हा मधुमेह आजोबांच्या ‘शुगर’सारखा नव्हे. इथे शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्शुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी नष्ट करते. त्यामुळे पथ्य, चालणं, गोळ्या एवढ्यावर भागत नाही. इन्शुलिन रोज बाहेरून घ्यावं लागतं, आणि आयुष्यभर. निरोगी माणसाची साखर उतरू लागली की ८० च्या आसपासच स्वादुपिंड आपलं इन्शुलिन आवरतं घेतं. आणखी उतरली तर ग्लुकागॉन नावाचं संप्रेरक यकृताला साठवलेली साखर सोडायला लावतं, आणि पाठोपाठ अॅड्रिनलिन धावून येतं. टोचलेलं इन्शुलिन असं आवरता येत नाही. एकदा कातडीखाली गेलं की ते आपलं काम पुरं करणारच, माणूस जेवलेला असो वा उपाशी. त्यात टाइप वनमध्ये आजार सुरू झाल्यावर काही वर्षांतच साखर उतरताना ग्लुकागॉन सोडण्याची ताकदही जाते. उरतं ते अॅड्रिनलिन, आणि वारंवार हायपो झाले की तेही बोथट होतं.

इन्शुलिनइतकाच हा धोकाही जुना आहे. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला इन्शुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं गेलं. त्या काळात औषधाची ताकद सशांवर मोजत. सशाची साखर आकडी येण्याइतकी खाली आणायला किती औषध लागतं, त्यावरून युनिट ठरवलेलं होतं. आकडी आलेल्या सशाला ग्लुकोज टोचलं की तो काही वेळात उठून बसे. आजही इन्शुलिनच्या पेनवर जे युनिट फिरवून लावतात, त्याच्या मुळाशी हायपो झालेला एक ससा आहे.

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम दोन टक्के, पण एकूण ऊर्जेतला सुमारे पाचवा हिस्सा त्याला लागतो, आणि साखरेचा म्हणण्यासारखा साठा त्याच्याकडे नसतो. ‘आता काहीतरी गोड खायला हवं’ हे ज्या अवयवाने ठरवायचं, त्याचाच शिधा आधी संपतो, ही हायपोतली खरी अडचण. शहाणासुरता, स्वतःचे डोस वर्षानुवर्षं स्वतः ठरवणारा माणूस हातात साखरेची बरणी धरून नुसता बघत उभा राहतो तो याच कारणाने. जोडीदाराचं काम इथे सुरू होतं. त्या पंधरा-वीस मिनिटांपुरतं ठरवण्याचं काम त्याने आपल्याकडे घ्यायचं. मात्र काय करायचं, हे दोघांनी आधी, साखर ठीक असताना, बोलून ठेवलेलं असावं.

लक्षणं दोन लाटांत येतात. पहिली अॅड्रिनलिनची: हात थरथरणं, दरदरून घाम, छातीत धडधड, कडकडून भूक. ही त्या माणसाला आतून कळते. दुसरी लाट मेंदूच्या उपासमारीची, आणि ती बहुधा शेजारच्यालाच आधी दिसते. बोलण्याचा वेग मंदावतो, जीभ जड होते, एकच प्रश्न दोनदा विचारला जातो, नजर भिरभिरते किंवा एका जागी खिळते. कोणी उगीच हसत सुटतं, कोणी क्षुल्लक गोष्टीवरून भांडायला उठतं. नेहमी चहात दूध आधी घालणारी बायको आज रिकामा कप घेऊन स्वयंपाकघरात उभी आहे आणि ‘काय करतेस?’ या प्रश्नाला उत्तर देत नाही, एवढी खूणही पुरते. प्रत्येकाची खूण निराळी असते, पण एकाच माणसाची बऱ्याचदा तीच तीच. ती ओळखण्यात पुस्तकापेक्षा सहवास उपयोगी पडतो.

संशय आला की मोजायचं. हात धुऊन मोजायचं, हे अगोदर. आंबा किंवा केळं सोललेल्या बोटाच्या थेंबात फळाची साखर मिसळते आणि ५५ चे मीटरवर सहज १३० दिसू शकतात. पाणी जवळ नसेल तर पहिला थेंब पुसून दुसरा घ्यावा. मीटरच सापडत नसेल किंवा माणूस बोट देत नसेल, तर मोजण्यासाठी थांबू नये. हायपो आहे असं धरून साखर द्यावी. साखर थोडा वेळ चढली तर ती नंतर उतरवता येते.

उपचाराचा नियम पंधरा-पंधराचा म्हणून ओळखला जातो: १५ ग्रॅम चटकन शोषली जाणारी साखर, मग १५ मिनिटं थांबून पुन्हा मोजणी, अजून ७० च्या खाली असेल तर तेवढीच साखर पुन्हा. १५ ग्रॅम म्हणजे नेमकं किती, हे शांतपणे एकदा घरातल्या वजनकाट्यावर पाहून ठेवावं. चहाचा सपाट चमचा साखर साधारण चार-पाच ग्रॅम भरते, शिगोशीग भरलेला त्याहून बराच जास्त; चमच्याचा आकारही घरोघर वेगळा. ढोबळमानाने तीन सपाट चमचे अर्धा पेला पाण्यात. औषधाच्या दुकानात मिळणारी ग्लुकोजची पावडर यापेक्षा बरी, कारण ती झट्‌दिशी विरघळते आणि पचायची वाट पाहावी लागत नाही. साधं शीतपेय दीडशे मिलिलिटरच्या आसपास पुरतं, मात्र डाएट किंवा झिरो लिहिलेल्या बाटलीत साखरच नसते आणि घाईत दोन्ही बाटल्या सारख्याच दिसतात. त्या घरात असल्याच तर वेगळ्या कप्प्यात ठेवाव्यात.

मराठी घरात गोड म्हटलं की हात पेढ्याकडे, बेसनाच्या लाडवाकडे जातो. चॉकलेटचंही तेच. या सगळ्यांत तूप किंवा स्निग्धांश असतो, तो पोटातून साखर पुढे सरकायला वेळ लावतो. लाडू खाऊन वीस मिनिटांनीही साखर खालीच, म्हणून दुसरा लाडू, मग तिसरा, आणि दोन तासांनी मीटर ३०० च्या पुढे, हा प्रकार अनेक घरांना ओळखीचा आहे. खूप खाण्याची ओढ हायपोत असतेच. भूक इतकी पेटते की माणूस फ्रिजसमोर उभं राहून हाताला लागेल ते खातो. पंधरा मिनिटांचं थांबणं त्याला अशक्य वाटतं, आणि घड्याळ सांभाळणारा शेजारी असला तर ते थोडं शक्य होतं. साखर सत्तरीच्या वर आली आणि पुढच्या जेवणाला तास-दीड तास असेल, तर दोन बिस्किटं, अर्धी पोळी किंवा कपभर दूध, म्हणजे ती पुन्हा घसरत नाही. साखर बघून स्वतःच इन्शुलिन थांबवणारा स्वयंचलित पंप लावलेला असेल तर बऱ्याचदा १५ ग्रॅमपेक्षा कमी पुरतं. ते प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावं.

सगळ्यात अवघड वेळ म्हणजे माणूस शुद्धीत आहे पण ऐकत नाही. ‘मला काही झालेलं नाही’, ‘सारखं काय माझ्या मागे’, असं म्हणून पेला ढकलला जातो. हे बोलणं माणसाचं की उतरलेल्या साखरेचं, याचा निवाडा त्या क्षणी करू नये, वादही घालू नये. समजावणीची लांबलचक वाक्यं त्याच्यापर्यंत पोचत नाहीत. ‘हे पी.’ ‘अजून एक घोट.’ एवढं बोलणं पुष्कळ. विचारण्यापेक्षा पेला थेट हातात देऊन ओठांपर्यंत न्यायला मदत केलेली चालते. काही जोडपी एक शब्द ठरवून ठेवतात: तो शब्द उच्चारला की कितीही राग आला तरी आधी साखर घ्यायची, भांडण मागाहून. असा करार पाळला जाईलच असं नाही, पण सवयीने तो मेंदूच्या खोल कप्प्यात जाऊन बसतो आणि कामाला येतो.

माणूस बेशुद्ध असेल, आकडी येत असेल किंवा गिळू शकत नसेल, तर तोंडात काहीही घालायचं नाही. पाणी नाही, साखर नाही, दातांमध्ये चमचाही नाही. घशातलं पाणी फुप्फुसात जाण्याचा धोका हायपोइतकाच मोठा. त्याला कुशीवर वळवावं, हनुवटी किंचित वर ठेवावी आणि १०८ ला फोन लावावा. फोनवर ‘इन्शुलिन घेणारा मधुमेही, बेशुद्ध’ हे शब्द पहिल्या वाक्यात यावेत. घरात ग्लुकागॉन असेल तर ते द्यायची हीच वेळ. प्रौढासाठी १ मिलिग्रॅमचं इंजेक्शन मांडीच्या स्नायूत देतात. त्याच्या जुन्या प्रकारात द्राव पावडरीत मिसळून ते तयार करावं लागतं, म्हणून मुदत संपलेल्या संचावर एकदा हात बसवून घेणं शहाणपणाचं. नाकात फवारायची ३ मिलिग्रॅमची पावडरही निघाली आहे. अमेरिकेत तिला २०१९ मध्ये मान्यता मिळाली, आणि ती देताना माणसाने श्वास ओढण्याचीही गरज नसते. आपल्याकडे ग्लुकागॉन कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही, मिळालं तर महाग, त्यामुळे डॉक्टरांशी बोलून त्याची तजवीज आधीच करावी लागते. दिल्यावर साधारण दहा-पंधरा मिनिटांत शुद्ध येते, पुष्कळांना उलटी होते, म्हणून कुशीवरची स्थिती बदलू नये. यकृतात साठाच नसेल, म्हणजे दिवसभराचा कडक उपास किंवा आदल्या रात्री भरपूर मद्य झालं असेल, तर ग्लुकागॉनचा उपयोग कमी होतो. तेव्हा दवाखान्यात शिरेतून दिलेलं ग्लुकोजच लागतं.

रात्रीची गोष्ट वेगळी. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीसीसीटी या मोठ्या अमेरिकी अभ्यासाने साखर काटेकोर ठेवली तर डोळे, मूत्रपिंडं आणि नसा वाचतात हे सिद्ध केलं, पण तशा उपचारात गंभीर हायपोचं प्रमाण सुमारे तिपटीने वाढलं, आणि त्यातले निम्म्याहून जास्त प्रसंग झोपेत घडले. झोपेत अॅड्रिनलिनचा प्रतिसाद मंद असतो, त्यामुळे माणूस जागाच होत नाही. जाग येते ती शेजारच्याला. उशीचा अभ्रा ओला, गळ्याला हात लावला तर गार घाम, पंखा पाचवर असूनही. हाक मारली तर अर्धवट हुंकार. कधी घशातून विचित्र आवाज, कधी हातपाय झाडणं, कधी वाईट स्वप्नातून दचकणं. अशा वेळी दिवा लावावा, माणसाला उठवून बसवावं, गिळता येतंय याची एका लहान घोटाने खात्री करावी आणि मगच ग्लुकोजचं पाणी पाजावं. यासाठी ग्लुकोज, चमचा, पाण्याची बाटली आणि मीटर पलंगाच्या उशाशी हवं. रात्री पावणेतीनला स्वयंपाकघरात डबे हुडकण्यात पाच मिनिटं जातात. सकाळी डोकं ठणकणं, अंग मोडून येणं, गादी दमट लागणं, यावरून रात्री चुकलेला हायपो मागाहून ओळखता येतो.

साखर उतरते ती क्वचितच विनाकारण. इन्शुलिन घेतलं आणि जेवण लांबलं, हे सगळ्यात साधं कारण. लग्नाच्या पंगतीत हे हमखास होतं: ‘पानं मांडली’ ऐकून सुई टोचली जाते, मग आहेर, फोटो, व्याह्यांचा मान, आणि वरण-भात पानात यायला पाऊण तास. ताट समोर आल्याशिवाय सुई नाही, हा नियम अशा घरांनी पाळावा. उपासाचं गणित त्याहून किचकट. टाइप वनमध्ये इन्शुलिन पूर्ण बंद करता येत नाही, कारण मग उलट्या बाजूचं, रक्तात आम्लं साचण्याचं संकट येतं; डोस मात्र कमी करावे लागतात. साबुदाण्याच्या खिचडीची ताटली साखर झरझर चढवते, आणि संकष्टीला चंद्रोदयापर्यंत काहीच न खाणं ती उतरवतं. हरतालिकेसारखा निर्जळी उपास तर जोखमीचाच. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे सांगायचं काम जोडीदाराने अंगावर घेतलं तर आजारी माणसाचा भार निम्मा होतो. ‘सुनेला उपास झेपत नाही’ हे सुनेने म्हणण्यात आणि मुलाने म्हणण्यात आपल्या घरांत फरक पडतो, पडू नये तरी.

व्यायामाचा परिणाम उशिरा दिसतो. संध्याकाळी सिंहगड चढून आलेल्याची साखर रात्री दोनला घसरू शकते, कारण रिकामे झालेले स्नायू चोवीस तासांपर्यंत रक्तातून साखर ओढत राहतात. मद्य यकृताला नवी साखर बनवू देत नाही, त्यामुळे धोका दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत लांबतो, शिवाय तोल गेलेल्या माणसाला बघणारे ‘चढलीय’ म्हणून सोडून देतात. पाळी सुरू झाल्यावर, गरोदरपणाच्या पहिल्या काही महिन्यांत, मूत्रपिंडं अधू झाल्यावर इन्शुलिनची गरज घटते. एकाच जागी टोचून पोटावर चरबीच्या गाठी झाल्या असतील तर तिथलं इन्शुलिन कधी मुरतच नाही, कधी एकदम मुरतं. जोडीदाराच्या हाताला या गाठी आधी लागतात.

आपल्या देशाचं म्हणून एक कारण आहे, आणि ते टाळता येण्याजोगं आहे. इथे बाटलीतलं इन्शुलिन बहुतेक दर मिलिलिटरला ४० युनिटचं असतं, त्याची सिरिंज लाल टोपणाची. पेनमधलं इन्शुलिन १०० युनिटचं, त्या ताकदीची सिरिंज नारिंगी टोपणाची. पेन बिघडलं म्हणून कोणी काडतुसातलं इन्शुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये ओढलं, तर १० च्या खुणेवर खरे २५ युनिट भरतात. अडीचपट. इन्शुलिन विकत आणायचं काम घरात जो करतो त्याला हे दोन रंग पाठ हवेत.

दंडावर लावायच्या सेन्सरने जागरणं कमी केली आहेत. तो रक्तातली नव्हे, पेशींभोवतालच्या द्रवातली साखर मोजतो, त्यामुळे काही मिनिटं मागे असतो. ग्लुकोज देऊन दहा मिनिटं झाली तरी पडद्यावर बाण खालीच, म्हणून घाबरून दुप्पट साखर पाजली जाते. अशा वेळी बोटाच्या थेंबावर विश्वास ठेवावा. सेन्सर लावलेल्या दंडावर झोपल्यानेही आकडा खोटाच खाली दिसतो. कूस बदलली की तो वर येतो. हे आकडे जोडीदाराच्या फोनवरही दिसू शकतात, आणि इथून एक नाजूक प्रश्न सुरू होतो. ऑफिसच्या मीटिंगमध्ये बसलेल्या बायकोला ‘१८०? काय खाल्लंस?’ असा मेसेज गेला की सेन्सरचा फौजदार होतो. इशारा किती आकड्याला वाजावा, वाजल्यावर फोन कधी करायचा, हे ज्याचा दंड त्याने ठरवावं. पुष्कळ घरांत ‘७० च्या खाली आणि दहा मिनिटांत काही हालचाल नाही तरच फोन’ एवढ्यावर भागतं.

वारंवार हायपो होणाऱ्यांत एक फसवी अवस्था येते: थरथर, घाम, धडधड ही पहिली लाटच नाहीशी होते आणि ४५ वरसुद्धा माणूस ‘बरं वाटतंय’ म्हणतो. एका हायपोनेही पुढच्या दिवसाचा इशारा बोथट होतो. दोन-तीन आठवडे साखर मुद्दाम थोडी वर ठेवून हायपो कटाक्षाने टाळले तर हे इशारे पुष्कळ अंशी परत येतात, ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली. अशा काळात गाडी चालवणं मोठा धोका. ब्रिटनमध्ये इन्शुलिन घेणाऱ्या चालकांना ९० च्या वर साखर असल्याशिवाय गाडी न चालवण्याचा आणि हायपो झाल्यावर साखर पूर्ववत झाल्यानंतर ४५ मिनिटं थांबण्याचा सल्ला दिला जातो. दुचाकीवर ऑफिस गाठणाऱ्या आपल्याकडच्या माणसालाही तो तंतोतंत लागू आहे.

हायपो सरल्यावर माणूस थकलेला, गारठलेला आणि बऱ्याचदा ओशाळलेला असतो. आपण काय बोललो ते त्याला अर्धवट आठवतं किंवा आठवतच नाही. तेव्हा पंचनामा करू नये. कोरडे कपडे, पांघरूण, थोडा वेळ शांतता. त्या अवस्थेतले शब्द मागाहून हिशेबात धरू नयेत, पण उलट बाजूही खरी: प्रत्येक रागावर ‘शुगर तपास आधी’ हे उत्तर नव्हे. मधुमेही माणसाला साध्या कारणानेही राग येतो, आणि तो ऐकून घ्यायला हवा. ज्याची रात्र मोडली त्याचीही दमछाक होतेच. सेन्सरचा आवाज लहान केला, आठवड्यातल्या काही रात्री बहिणीने किंवा आईने जवळ झोपायचं ठरवलं, तर त्याची झोप थोडी भरून निघते. रात्रीच्या भीतीपोटी काहीजण साखर मुद्दाम दोनशेच्या वर ठेवून झोपतात. डीसीसीटीने दाखवलेली हानी मग हळूहळू होत राहते, म्हणून ही भीती डॉक्टरांपुढे उघडपणे मांडावी, डोसच्या वेळा बदलून तिच्यावर बऱ्याचदा मार्ग निघतो.

दुसऱ्या दिवशी वहीत चार गोष्टी टिपाव्यात: वेळ, आकडा, आधीचं जेवण-डोस-श्रम, आणि किती साखर लागली. तीन-चार नोंदींत साचा दिसू लागतो; एखाद्या घरात तो दर मंगळवारचा निघतो, कारण मंगळवारी पोहण्याचा क्लास. मग उशाशी ठेवलेला डबा उघडावा, संपलेलं ग्लुकोज भरावं, मीटरच्या पट्ट्या मोजाव्यात आणि ग्लुकागॉनच्या खोक्यावरची मुदत बघून घ्यावी.